माप कुणी घेतलं, कसं घेतलं



आजचा विषय रेडिओवर घ्यायचा की नाही, यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. एकीचं म्हणणं, दुपारी रेडिओ सासऱ्यांच्या खाटेजवळ लागलेला असतो, कसं बोलायचं? दुसरी म्हणाली, दोरीवर टॉवेलाखाली आपण काय वाळत घालतो ते त्यांना ठाऊक नाही का? शेवटी बोलायचं ठरलं. विषय आहे ब्रा, म्हणजे आपल्याकडे जिला बॉडी म्हणतात, तिचं माप. ते घ्यायचं कसं हे सांगणारच आहोत. पण त्याआधी हे माप आलं कुठून, याची गोष्ट ऐका.

विषय निघाला तो आमच्या गटातल्या एका मावशींमुळे. ऊसतोडीला जाऊन आल्या होत्या, खांदे धरले म्हणून तेल लावायला बसल्या. पदर बाजूला केला तर दोन्ही खांद्यांवर बोट मावेल अशा खाचा, काळ्या पडलेल्या. म्हणाल्या, "वयानं होतंच." आम्ही विचारलं, नंबर कोणता घालता? म्हणाल्या, अडतीस. कुणी सांगितला? तर म्हणाल्या, वीस वर्षांपूर्वी आठवडी बाजारात त्या माणसानं नुसतं बघितलं आणि अडतीस हातात दिली. तेव्हापासून अडतीसच.

मग आम्ही एकमेकींना विचारलं, आपल्यापैकी कुणाच्या अंगाचं माप कधी कुणी घेतलंय? ब्लाउजचं म्हणाल, तर शिंप्याकडे आपण मापाला जुना ब्लाउज देतो. तो अंगाचं माप घेत नाही, ब्लाउजचं घेतो. जुन्या ब्लाउजात मुंढा काचत असेल तर नव्यातही काचतो. वर्षानुवर्षं चूक कापडातून कापडात उतरते. आणि बॉडीला तर तेवढंही नाही. कागदात गुंडाळून घ्यायची, पिशवीत तळाला टाकायची, घरी येऊन बघायची. नाही बसली तर परत कोण करायला जातं?

आपल्या आज्या-पणज्यांचं असं नव्हतं, हे मात्र खरं. त्यांची चोळी खणाची. आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड म्हणून गाव आहे, तिथल्या मागावरचा खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत होता. त्याची चोळी समोरून उघडी, आणि छातीखाली दोन टोकांची गाठ. ती गाठ म्हणजेच रोजचं माप होतं बघा. दिवस गेले, गाठ सैल केली. बाळंत झाली, पाजायचं आहे, गाठ सोडली. आजारपणात अंग उतरलं, गाठ आवळली. कपडा बाईच्या मापानं रोज बदलत होता. मग हुक आले, काजं-बटणं आली, आणि एकदा शिवलेलं माप कायमचं झालं. जुनं सगळं चांगलं असं आम्ही म्हणत नाही. चोळी घालून पळून दाखवा म्हणावं! पण गाठ गेली तेव्हा माप घेण्याची गरज आली, आणि नेमकं तेच कुणी केलं नाही.

तिकडे युरोपातही बायका फार पूर्वीपासून काही ना काही बांधत आल्या. ऑस्ट्रियात टिरोल भागात लेंगबर्ग नावाचा किल्ला आहे. २००८ साली त्याची दुरुस्ती चालली असताना जमिनीच्या फळ्यांखाली कापडाच्या जुन्या चिंध्यांचा ढीग सापडला. त्यात पंधराव्या शतकातले तागाचे काही कपडे असे निघाले, की ज्यांना दोन वेगवेगळ्या वाट्या शिवलेल्या होत्या. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या कुण्या शिवणारणीला कळलं होतं, की एका सपाट पट्ट्यानं काम होत नाही, दोन्ही बाजूंना जागा द्यावी लागते. पुढे ते मागं पडलं आणि कॉर्सेट आलं. छातीपासून कमरेपर्यंत आवळणारं, आत हाडाच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या असलेलं. त्यात कपडा बाईच्या मापाचा करायचा नव्हता, बाई कपड्याच्या मापाची करायची होती. फ्रान्समधल्या एर्मिनी कादोल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या कॉर्सेटचे दोन तुकडे केले, वरचा वेगळा, खालचा वेगळा. वरच्या तुकड्याचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर घेतला.

अमेरिकेतल्या मेरी फेल्प्स जेकब यांची गोष्ट तर पुष्कळ ठिकाणी सांगतात. नाचाच्या कार्यक्रमाला जायचं होतं, झिरझिरीत झग्यातून कॉर्सेटच्या पट्ट्या दिसत होत्या. त्यांनी आपल्या मोलकरणीला हाताशी घेतलं, दोन हातरुमाल, थोडी रिबीन, सुईदोरा, आणि तिथल्या तिथं एक हलका कपडा शिवला. ३ नोव्हेंबर १९१४ ला त्यांना त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्यांनी ते वॉर्नर नावाच्या कॉर्सेट कंपनीला १५०० डॉलरला विकून टाकलं. मोलकरणीला त्यातलं काय मिळालं ते कुठे वाचायला मिळत नाही. या हातरुमालाच्या कपड्यालाही माप नव्हतं. पुढं बांधायचे बंद होते, जिला जसं हवं तसं तिनं आवळावं. म्हणजे आपल्या चोळीच्या गाठीसारखंच झालं की.

१९२० नंतर तिकडे सपाट छातीची फॅशन आली. बायका छाती पट्ट्यानं दाबून बांधायच्या. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये एनिड बिसेट यांचं कपड्यांचं दुकान होतं, त्यात आयडा रोझेन्थाल भागीदार होत्या. आयडाबाई रशियाच्या साम्राज्यातून आलेल्या, शिवणकामावर पोट भरणाऱ्या. त्यांच्या लक्षात आलं, की आपण झगा कितीही बेतून शिवला तरी आतला पट्टा छाती दाबतो, म्हणून झगा अंगावर बसत नाही. मग त्यांनी दोन वाट्यांचा आतला कपडा करून झग्यासोबत फुकट द्यायला सुरुवात केली. आयडाबाईंचे पती विल्यम यांनी त्याची घडण आणखी सुधारली. थोड्याच दिवसांत बायका झगा बाजूला ठेवून तो आतला कपडाच मागू लागल्या. १९२२ साली त्यातून मेडनफॉर्म ही कंपनी उभी राहिली. आम्हाला ही गोष्ट आवडते, कारण यात आधी अडचण शिवणारीला दिसली.

आता ते ए, बी, सी, डी. पाकिटावर ३४ बी लिहिलेलं असतं, त्यातला आकडा आपण मागतो आणि अक्षराकडे बघतही नाही. हे अक्षर आणलं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एस. एच. कॅम्प या कंपनीनं, १९३२ च्या सुमारास. ही कंपनी पाठीला-पोटाला आधार देणारे पट्टे करायची. तिनं स्तनांचा आकार आणि ओघळ बघून ए ते डी अशी चार अक्षरं ठरवली. नीट ऐका हं, त्या वेळी अक्षर म्हणजे इंच नव्हते, आकार होता. काही वर्षांत वॉर्नर कंपनीनं अक्षरांच्या वाट्या बाजारात आणल्या आणि मग बाकीच्यांनीही. पुढे पुढे अक्षराचा अर्थ बदलला. छातीचा घेर आणि पट्ट्याचा आकडा यांच्यातला फरक म्हणजे अक्षर. एक इंच फरक असेल तर ए, दोन असेल तर बी, तीनला सी, चारला डी.

फरक काढायचा म्हणजे दोन मापं हवीत. एक छातीच्या सगळ्यांत भरलेल्या भागावरचं आणि एक छातीच्या खाली, बरगड्यांवरचं. इथंच पुढची गडबड झाली. बरगड्यांवर जे माप येई, त्यात चार किंवा पाच इंच मिळवायचे अशी रीत पडली. माप २९ आलं, पाच मिळवा, ३४. माप ३० आलं, चार मिळवा, तरी ३४. का मिळवायचे? जाणकार सांगतात, त्या काळचं कापड ताणत नव्हतं, श्वास घ्यायला जागा हवी, शिवाय आकडा झग्याच्या नंबरशी जुळला की दुकानदाराला सोपं. असेल तसं. पण १९३० नंतर रबराचा ताणणारा धागा आला, आणि १९५८ साली ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स शोधला, ज्याला लायक्रा म्हणतात. आता पट्टा स्वतःच ताणू लागला. चार इंच मात्र मिळवायचे राहिले ते राहिलेच. सवय लागली की कारण कुणी विचारत नाही, आपल्या घरातल्या रीतीभातींसारखं.

याच काळात अमेरिकी सरकारनं एक मोठं काम हातात घेतलं. टपालानं कपडे मागवायचे, ते अंगाला यायचे नाहीत, परत जायचे. म्हणून १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्यानं, होय, शेती खात्यानंच, जवळजवळ १५,००० बायकांची मापं घेतली. एकेका बाईची ५९ मापं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्याचा अहवाल १९४१ साली काढला. इतकी मापं कुणी आजवर घेतली नव्हती, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. पण माप द्यायला येणाऱ्या बायकांना थोडे पैसे मिळत, म्हणून गरज असलेल्या, पोट भागत नसलेल्या बायका जास्त आल्या. आणि गोऱ्या नसलेल्या ज्या बायका आल्या, त्यांचं माप घेतलं तरी हिशेबात धरलं नाही. रांगेत उभं राहायचं, अंगावर टेप लावू द्यायची, आणि कागद बाजूला टाकायचा! याच आकड्यांच्या आधारे १९५८ साली तिथं बायकांच्या कपड्यांचं सरकारी मानक निघालं. छातीच्या मापावरून बाकीचं अंग ठरवलं होतं, जणू ३६ छातीच्या सगळ्या बायका एकाच साच्यातल्या. ते काही टिकलं नाही. १९८३ साली सरकारनं ते मागे घेतलं. एका आकड्यात बाई मावत नाही, हे आमच्या गटातल्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना कुणी न सांगताच माहीत आहे. कटोरी कापताना त्या छातीचं माप घेतात, छातीखालचं घेतात, मुंढा घेतात, उंची घेतात, मग कात्रीला हात लावतात.

मग चार इंचांच्या रीतीचं काय झालं? इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठात जोआना स्कर आणि त्यांच्या सहकारी याच विषयाचा अभ्यास करतात. २०१२ साली त्यांनी ४५ बायकांवर दोन रीती ताडून पाहिल्या. एक म्हणजे टेपनं मोजण्याची जुनी रीत. दुसरी म्हणजे ब्रा घालून, नीट बसली का हे ठरावीक खुणांवरून बघायचं. जुन्या रीतीनं ७६ टक्के बायकांचा पट्टा गरजेपेक्षा मोठा ठरला आणि ८४ टक्के बायकांची वाटी गरजेपेक्षा लहान ठरली. त्याआधी २००८ साली ऑस्ट्रेलियात ३० तरुण मुलींच्या तपासणीत ८० टक्के मुली चुकीच्या मापाची ब्रा घालताना आढळल्या होत्या.  तेव्हा आपलं चुकलं म्हणून लाजण्यासारखं काही नाही.

आता मावशींकडे या. दार लावून घेतलं, एकमेकींना पाठमोरं केलं, हसून हसून पुरेवाट झाली, पण माप घेतलं. मावशींचा छातीखालचा घेर भरला ३१ इंच, छातीचा ३६. जुन्या रीतीनं ३१ मध्ये पाच मिळवले की ३६, फरक शून्य, म्हणजे फार तर ३६ ए. नव्या रीतीनं काही मिळवायचं नाही, नुसतं जवळच्या सम आकड्यावर न्यायचं. म्हणजे पट्टा ३२, फरक चार, ३२ डी. अंग एकच, नावं दोन. आणि वीस वर्षं घालत होत्या ३८. पट्टा इतका सैल, की पाठीवर मानेकडे चढायचा. पट्टा सैल म्हणून आधार नाही. आधार नाही म्हणून खांद्याच्या पट्ट्या आवळून आवळून घ्यायच्या. सगळा भार खांद्यावर. त्यात डोक्यावर मोळी. वय कशाला दोष देता?

तुम्हाला घरी माप घ्यायचं असेल तर असं घ्या. आधी टेप तपासा. आमच्या गटाची जुनी कापडी टेप फूटपट्टीला लावली तर ताणून अर्धा इंच वाढलेली निघाली! मैत्रिणीला किंवा जावेला मदतीला घ्या, कारण टेप पाठीवर खाली घसरते आणि आपल्याला दिसत नाही. पहिलं माप छातीच्या लगेच खाली. टेप जमिनीला समांतर, श्वास सोडलेला, टेप अंगाला घट्ट लागलेली, पण रुतणार नाही इतकी. दुसरं माप सगळ्यांत भरलेल्या जागी. इथं टेप नुसती टेकवायची, दाबायची नाही. अंगावर पातळ कापड असावं, जाड ब्लाउजवरून घेऊ नका. छाती ओघळलेली असेल तर उभ्यानं माप कमी भरतं, म्हणून कमरेतून वाकूनही एकदा घ्या आणि दोन्हींच्या मधलं धरा. वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

एक सावधगिरी. पाकिटावरचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. काही पाकिटांवर ३४ च्या खाली ७५ सेंटीमीटर छापलेलं असतं. ७५ सेंटीमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. म्हणजे त्या ३४ मध्ये चार इंच आधीच मिळवलेले आहेत. दुसऱ्या कंपनीत तसं नसेल. म्हणून टेपची दुसरी बाजू वापरा, सेंटीमीटरचं मापही लिहून ठेवा, आणि पाकिटावर तक्ता असेल तर त्यावरून घ्या.

आणि टेपनं फक्त सुरुवात होते. खरं काय ते घालूनच कळतं. नवी असताना सगळ्यांत बाहेरचा हुक लावा, कारण धुवून धुवून पट्टा सैल होणार, तेव्हा आतले हुक कामाला येतील. हात वर करा, वाका, पाटीला हात लावा. मागचा पट्टा वर चढला तर तो मोठा आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. वाटीच्या काठावरून अंग बाहेर येत असेल तर वाटी लहान, कापड चुरगळत असेल तर वाटी मोठी. दोन वाट्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. पट्टा सैल असेल तर आकडा एक पायरी खाली आणि अक्षर एक पायरी वर. म्हणजे ३६ बी सैल झाली तर ३४ सी. दोन्हींची वाटी तेवढीच, फक्त पट्टा आखूड.

अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी तर घट्ट ब्रा अजिबात घालू नये. दूध तुंबतं, गाठ धरते, ताप येतो. त्या दिवसांत माप दर महिन्याला बदलतं, एकदा घेऊन भागत नाही. आणि एक प्रश्न नेहमी येतो, ब्रानं कर्करोग होतो का? अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २०१४ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काही संबंध आढळला नाही. पण माप घेताना न दुखणारी नवी गाठ हाताला लागली, तर ब्राला दोष देत बसू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

आपल्या देशातही मापं घ्यायचं काम निघालं. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, निफ्टनं, १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं यंत्रानं घेऊन भारताचा स्वतःचा तक्ता करायचं ठरवलं. त्यात मुंबईसह सहा शहरं होती. चांगलंच आहे. फक्त उसाच्या फडातल्या मावशींचा खांदा त्या यंत्रासमोर कसा येणार होता, एवढं आम्हाला कुणी सांगावं.

मावशींना घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. दुकानात बाई बसत होत्या, म्हणून बोलायला जड गेलं नाही. ३२ डी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, असं कोण मागतं, आम्ही आणतच नाही. शोधून शोधून ३४ सी मिळाली. तीही चालते, वाटी तेवढीच. बाहेरच्या हुकावर पट्टा बरोबर धरला, मावशींनी तिथंच आतल्या खोलीत हात वर करून बघितलं. घरी येऊन दोन दिवसांनी म्हणाल्या, पाठ हलकी वाटते, पण बरगडीला नवं-नवं वाटतंय. वीस वर्षांनी पट्टा जागेवर आला म्हटल्यावर वाटणारच.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांची मापं एका कागदावर उतरवली. नावं नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं, आणि कोणत्या मापाच्या कितीजणी. तो कागद त्या दुकानातल्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी केली आणि गल्ल्यात ठेवला. म्हणाल्या, सोमवारी माल घेणारा माणूस येतो, त्याला दाखवते.